आपला ‘च’ इंग्रजीत कुठे जातो?

नोकरीला लागून वर्षही झालं नव्हतं. अमेरिकन ग्राहकासोबतच्या कॉलवर मी म्हणालो, ‘वी कॅन डिलिव्हर ऑन फ्रायडे.’ पलीकडे शांतता. मग प्रश्न आला, ‘व्हाय नॉट?’ त्यांनी ‘कान्ट’ ऐकलं होतं. अमेरिकन बोलण्यात नकारातला शेवटचा ‘ट’ बऱ्याचदा गिळला जातो. फरक उरतो तो जोराचा. होकारातला ‘कॅन’ घाईत ‘कन्’ होतो, नकारातला ठासून येतो. मी होकारच ठासून दिला होता. व्याकरण बरोबर, शब्द बरोबर, अर्थ मात्र उलटा पोहोचला.

मी घोडेगावचा. शाळा मराठीत, घरी दखनी, पुढे इंजिनिअरिंग. त्या दिवशी वाटलं, आपलं इंग्रजीच कच्चं. आज वाटतं, कच्चं काहीच नव्हतं. एक गोष्ट कुणी शिकवलीच नव्हती.

मराठीत जोर द्यायला आपल्याकडे ‘च’ आहे. ‘मीच सांगितलं’ आणि ‘मी सांगितलंच’, अक्षराची जागा बदलली की अर्थ बदलला. हा ‘च’ दखनीनं मराठीकडूनच घेतला. आपल्या घरातलं ‘मैंइच बोल्या’ उत्तरेतल्या उर्दूवाल्याला ऐकवा, तो हसेल. पण ते आपलं आहे. इंग्रजीत असा ‘च’ नाही. तिथं हे काम आवाज करतो. ‘आय डिडन्ट टेल हिम’ या वाक्यात ‘आय’वर जोर दिला तर सांगणारा मी नव्हे, ‘हिम’वर दिला तर सांगितलं, पण त्याला नव्हे. आपण सगळे शब्द एकाच वजनानं बोलतो, म्हणून आपला ‘च’ वाटेतच हरवतो. शब्दांचंही तसंच: ‘डेव्हलपर’मध्ये जोर ‘व्हे’वर, ‘कॉम्पोनंट’मध्ये ‘पो’वर. आपण दोन्हीकडे पहिल्याच अक्षरावर आपटतो.

चढउताराची किंमत तर याहून मोठी. ब्रिटनमधल्या एका विमानतळाच्या उपाहारगृहात भारतीय आणि पाकिस्तानी स्त्रिया वाढायला होत्या. ‘ग्रेव्ही’ हा एकच शब्द त्या उतरत्या सुरात म्हणत; ब्रिटिश बायका चढत्या सुरात. गिऱ्हाइकांना आपल्या बायका उद्धट वाटत, आणि बायकांना वाटे की आपल्याशी भेदभाव होतोय. भाषाशास्त्रज्ञ जॉन गंपर्झ यांनी ध्वनिमुद्रणं ऐकवून फरक दाखवला आणि दोन्ही बाजूंना उलगडा झाला. 1982 च्या त्यांच्या पुस्तकात हे आलं आहे. एका सुरामुळे माणसाची नियत ठरवली जात होती!

सूर आपल्याला कळत नाही असं नाही. घोडेगावच्या म्हशींच्या बाजारात उभे राहा. ‘एक लाख?’, ‘एक लाख!’, ‘एक लाख...’ शब्द तेच, पण एकात विचारणा, दुसऱ्यात ठाम भाव, तिसऱ्यात सौदा तुटण्याची चिन्हं. कान तयार आहे, तो इंग्रजीकडे वळवायचा आहे.

अडचण शिकवण्यात आहे. इंग्रजी विशेष विषय घेऊन पदवी, एम.ए. करणारी आपली मुलं-मुली उच्चारशास्त्र शिकतात ते बहुतेक कागदावर. चिन्हं लिहायची, जोराची खूण करायची, मार्क मिळवायचे. तोंड उघडायची वेळ येते ती थेट मुलाखतीत. मकतबमध्ये तजवीद कशी शिकलो ते आठवा. उस्ताद समोर बसवून म्हणवून घेत, मखरज चुकला की थांबवत, मद कमी पडला की पुन्हा म्हणायला लावत. नुसतं पुस्तक वाचून तजवीद कुणाला आली नाही. इंग्रजीचा उच्चार तरी कसा येईल?

म्हणून प्राध्यापकांना विनंती: आठवड्यातला एक तास फळा बाजूला ठेवा आणि प्रत्येकाला बोलतं करा. आणि मित्रमैत्रिणींनो, तुम्ही वाट बघू नका. चौघं जमा. बातमीतली दोन मिनिटं ऐका, कुठल्या शब्दावर जोर पडला ते खुणवा, तसंच बोलून फोनवर रेकॉर्ड करा, एकमेकांचं ऐका आणि संकोच न करता चूक सांगा.

साहेबासारखं बोलणं हे ध्येय नाही. तो लहेजा उसना आणून घरची दखनी लपवणं तर नाहीच. आपला होकार होकार म्हणून आणि आपली अदब अदब म्हणून समोरच्यापर्यंत पोहोचावी, एवढंच मागणं आहे. त्यासाठी आवाज बदलायचा नाही. जोर कुठे द्यायचा, ते शिकायचं आहे.