वाळूचा पंचनामा कोण करणार?

१७ मे २०२१ रोजी ‘तौक्ते’ चक्रीवादळ मुंबईच्या किनाऱ्याजवळून गुजरातकडे सरकले. सांताक्रूझच्या वेधशाळेत चोवीस तासांत सुमारे २३० मिलिमीटर पाऊस नोंदला गेला. अशा प्रत्येक वादळानंतर सरकारी यंत्रणा पंचनाम्याला निघते. पडलेली घरे मोजली जातात, फुटलेल्या होड्या आणि फाटलेली जाळी मोजली जातात. वर्सोवा, मढ, अक्सा, गोराई येथील पुळणीवरून वाहून गेलेली वाळू मात्र कोणत्याही रकान्यात बसत नाही.

हे विस्मरण नव्हे, हे हिशेबाचे तत्त्व आहे. आपत्ती निधीचे २०२२ ते २०२६ या काळासाठीचे केंद्राचे निकष पाहावेत. त्यांत चक्रीवादळापासून कडाक्याच्या थंडीपर्यंत बारा आपत्ती आहेत. समुद्राने होणाऱ्या धुपीचे नाव नाही. दरड कोसळून किंवा नदीने पात्र बदलल्यामुळे जमीन गेली, तर लहान शेतकऱ्याला मदत मिळते, आणि ती मिळालीच पाहिजे. पण जो किनारा सर्वांचा, त्याला सातबारा नाही. म्हणून त्याचे नुकसानही नाही! ज्याला खाजगी मालक नाही त्याला मोल नाही, या भांडवली अर्थशास्त्राचा याहून स्वच्छ नमुना शोधूनही सापडणार नाही.

वस्तुतः पुळण हे समाजाचे भांडवल आहे, आणि ते निसर्गानेच राखीव ठेवलेले आहे. पावसाळ्यात खवळलेल्या लाटा वाळू आत ओढून नेतात. समुद्र शांत झाला की तीच वाळू हळूहळू परत येते. किनाऱ्यामागच्या वाळूच्या टेकड्या ही या व्यवहारातील गंगाजळी. त्यांवर पसरणाऱ्या वेलीला आपल्या पूर्वजांनी मर्यादवेल म्हटले, यातच सारे आले. या टेकड्या सपाट करून बंगले, हॉटेले आणि रस्ते उभे राहिले, म्हणजे गंगाजळी लुटली गेली; वादळाच्या दिवशी तिजोरी रिकामी निघाली तर दोष समुद्राचा कसा?

यावर राज्यकर्त्यांचे ठरलेले उत्तर म्हणजे दगड आणि काँक्रीट. अक्सा येथे महाराष्ट्र मेरीटाइम बोर्डाने भिंत उभारली आणि वाद राष्ट्रीय हरित लवादापर्यंत गेला. भिंतीवर आपटणारी लाट माघारी फिरताना पायथ्याची वाळू खणून नेते. भिंतीमागची मालमत्ता वाचते आणि पुढची पुळण जाते. शिवाय भिंत संपते तेथे शेजारच्या किनाऱ्याची धूप वाढते. तरीही धूपप्रतिबंधक बंधारा सर्वांना प्रिय, कारण दगडाची निविदा निघते, मर्यादवेलीची निघत नाही. जेथे लाटा कोळीवाड्यातील घरांच्या उंबऱ्याला भिडल्या आहेत तेथे बंधारा मागणाऱ्या कोळी कुटुंबांना कोणी निसर्गप्रेमाचे धडे देऊ नयेत. तेथे तो बांधावाच लागेल. पण त्यांच्या नावाने मंजूर होणारा पैसा सुशोभीकरणावर आणि फेरफटक्याच्या पदपथांवर जाणार असेल, तर त्याला विरोध केला पाहिजे.

पैसा नाही, हे म्हणणे खरे नाही. पंधराव्या वित्त आयोगाने धूप रोखण्यासाठी सबंध देशाला, नद्या आणि समुद्र मिळून, पाच वर्षांकरिता १,५०० कोटी रुपये सुचवले. मुंबईत मरीन ड्राइव्ह ते वरळी या सुमारे साडेदहा किलोमीटरच्या एकाच सागरी रस्त्यावर जवळजवळ १४ हजार कोटी खर्ची पडले! आता वर्सोव्याहून उत्तरेकडे निघणाऱ्या रस्त्यासाठी हजारो कांदळवनांवर कुऱ्हाड येते आहे. महाराष्ट्राच्या किनाऱ्यासाठी २०२४ साली आशियाई विकास बँकेकडून ४ कोटी २० लाख डॉलरचे कर्ज घेण्याचा करार झाला. त्यात पुळणी आणि वाळूच्या टेकड्या यांच्या भरणीचाही समावेश आहे, ही चांगली गोष्ट. पण कर्ज फेडणार सगळी जनता आणि भाव वाढणार समुद्रदर्शनी सदनिकांचे, हा कोणता न्याय?

वाळू घातली तरी पुन्हा वाहून जाईल, असा एक शहाजोग आक्षेप असतो. मुंबईच्या रस्त्यांवरचे डांबर दर पावसाळ्यात वाहून जाते, म्हणून कोणी रस्ते करणे सोडलेले नाही. नेदरलँड्सने १९९० मध्ये किनारारेषा वाळूच्या भरणीने टिकवण्याचे धोरण स्वीकारले आणि २०११ मध्ये हेगजवळ एकाच ठिकाणी २ कोटी घनमीटरहून अधिक वाळू टाकली. अर्थात, ती वाळू खाड्या उपसून आणायची नसते. तसे केले तर एका किनाऱ्यावर दरोडा घालून दुसऱ्याला दान दिल्यासारखे होईल. अमेरिकेत तर, भांडवलशाहीच्या त्या माहेरघरातही, जेथे सामान्य माणसाला पाऊल ठेवता येत नाही अशा खाजगी किनाऱ्याच्या भरणीला संघ सरकारचा वाटा मिळत नाही. आपल्याकडे एवढी अट तरी कोणी घातली आहे काय?

तेव्हा मागणी स्पष्ट असावी. समुद्राने होणारी धूप आपत्तींच्या यादीत आली पाहिजे. १९६६ च्या नगररचना अधिनियमात विकास शुल्काची तरतूद आहेच. किनाऱ्यालगतच्या बांधकामांवर त्यात खास अधिभार बसवावा आणि ती रक्कम पुळण, टेकड्या व कांदळवने यांच्याच खात्यात जमा व्हावी, कारण समुद्राच्या सान्निध्याने जमिनीचा वाढलेला भाव ही मालकाची कमाई नव्हे. सार्वजनिक पैशाने भरलेल्या प्रत्येक पुळणीवर मासळी सुकवण्याचा, होड्या ओढण्याचा आणि मुक्त वावराचा हक्क कागदावर नोंदला गेला पाहिजे. सरकार वाळू मोजत नसेल तर अंधेरी ते बोरिवलीच्या कार्यकर्त्यांनी कोळी भगिनींना बरोबर घेऊन मे महिन्यात आणि पुन्हा दिवाळीनंतर, ठरलेल्या खुणांपासून पुळणीची रुंदी मोजावी आणि ते आकडे महापालिकेच्या विभाग कार्यालयात नेऊन पोच घ्यावी.