पत्ते खराब येतायत? नुसतं ‘ड्रॉप’ करत बसू नका

101 पॉइंटची रमी घरी खेळला असालच. पत्ते वाईट आले की सुरुवातीलाच ड्रॉप, म्हणजे 20 पॉइंट. खेळायला लागून मध्येच सोडलं तर 40. पूर्ण डाव अंगावर बसला तर 80. म्हणून जपून खेळणारा 20 देऊन सुटतो. बरोबरच आहे. पण सलग पाच वेळा ड्रॉप केलं तर? झाले 100! एकही मोठी चूक न करता तुम्ही काठावर.

जिंतूरच्या बाजारपेठेत तेच होतं. सोयाबीन, कापूस हातचा गेला की खेड्यावरचं गिऱ्हाईक आटतं. मग सगळे सांगतात, “सध्या थांबा.” माझ्या मते हा सल्ला अर्धाच आहे. गल्ला रिकामा असला तरी दुकानाचं भाडं, लाइट बिल, बँकेचा हप्ता चालूच. तेच तुमचे दर महिन्याचे 20.

उलट, चिडून व्याजाने पैसे काढायचे आणि दुकान मालाने भरायचं, हा 80 चा डाव. तोही नको.

आज वहीत एक भागाकार करा: हातातली शिल्लक भागिले महिन्याचा ठरलेला खर्च. उत्तर पाच महिने आलं, तर चौथ्या महिन्याची वाट बघू नका. आत्ताच मध्यम पत्त्यांवर खेळा. थोडा माल, रोख विक्री, आठवडी बाजारात एक टेबल. तोटा किती सोसायचा, ते आधीच ठरवा.

ड्रॉप करायची सोय शिल्लक आहे, तोवरच खेळून बघता येतं.