चोवीस दारे आणि एक प्रश्न



दिवाळी जवळ आली की घरातले धाकटे पोर रोज सकाळी चुलीपाशी येऊन एकच प्रश्न विचारते, "आई, अजून किती दिवस?" आई भाकरी थापता थापता सांगते, "बारा." पोर बोटे मोजते. दहा बोटे संपतात, दिवस संपत नाहीत. दुसऱ्या दिवशी पुन्हा तोच प्रश्न.

हा प्रश्न काही आपल्याच पोरांचा नाही. जर्मनीत नाताळची वाट पाहणारी मुलेही आपल्या आयांना असेच भंडावून सोडीत. त्यावर तिथल्या घरांनी जो तोडगा काढला, तो आज सांगायचा आहे.

नाताळच्या आधीच्या चार रविवारांच्या काळाला ख्रिस्ती लोक 'ॲडव्हेंट' म्हणतात. मूळ लॅटिन शब्दाचा अर्थ 'येणे'. आपल्या वसईकडच्या ख्रिस्ती कुटुंबांत तुमची ओळखपाळख असेल, तर 'आगमनकाळ' हा शब्द तुम्ही ऐकला असेल. तोच हा काळ. जर्मनीत मुलांना भेटी मिळतात त्या 24 डिसेंबरच्या संध्याकाळी. म्हणून पहिल्या तारखेपासून मोजायचे दिवस चोवीस.

एकोणिसाव्या शतकात तिथल्या घरांत एक सोपी रीत होती. दारावर किंवा भिंतीवर खडूने चोवीस रेघा ओढायच्या आणि मुलाने रोज एक पुसायची. काही घरांत याहून गोड रीत होती. येशूचा जन्म गोठ्यात झाला आणि त्याला गव्हाणीत निजवले, अशी कथा आहे. म्हणून घरात छोटी लाकडी गव्हाण मांडायची आणि मुलाने रोज गवताची एक काडी तिच्यात ठेवायची. नाताळपर्यंत बाळासाठी मऊ बिछाना तयार! गव्हाण आणि पेंढा म्हणजे काय, हे तुम्हांला समजावून सांगायला नकोच.

हॅम्बुर्ग शहरात योहान विखर्न नावाचे एक धर्मोपदेशक होते. गरीब, निराधार मुलांसाठी त्यांनी 1833 साली एक आश्रम काढला. ज्यांना आईबाप नाहीत, त्यांनी 'अजून किती दिवस' हे विचारायचे तरी कोणाला? ती विखर्न यांनाच विचारीत. अखेर 1839 साली त्यांनी गाडीचे एक जुने चाक घेतले आणि त्यावर मेणबत्त्या बसवल्या. रविवारच्या चार मोठ्या पांढऱ्या, बाकी दिवसांच्या लहान लाल. रोज एक जास्त पेटवायची. हॅम्बुर्गला डिसेंबरात दिवस जेमतेम साडेसात तासांचा असतो. अशा अंधारात रोज एका ज्योतीने उजेड वाढताना त्या मुलांना दिसत असे. मोजता न येणाऱ्या पोरालाही सण जवळ येतोय हे कळे.

छापील कॅलेंडर आले ते विसाव्या शतकाच्या आरंभी. गेरहार्ड लांग हे 1881 साली जन्मलेले छपाईवाले. लहानपणी त्यांच्या आईने पुठ्ठ्यावर चोवीस छोटी बिस्किटे शिवून दिली होती, रोज एक खायची, असे सांगतात. मोठेपणी तीच आठवण धरून त्यांनी कॅलेंडर छापले. रोज एक चित्र कापायचे आणि दुसऱ्या कागदावरच्या घरात चिकटवायचे. पुढे पुठ्ठ्याला इवलीशी दारे आली. दार उघडले की आत चित्र. मग महायुद्ध आले, कागद मिळेना, कॅलेंडरे बंद पडली. युद्ध संपल्यावर 1946 साली स्टुटगार्टला रिचर्ड सेल्मर यांनी पुन्हा कॅलेंडर काढले. शहर बॉम्बने उद्ध्वस्त झालेले, कागदासाठीही परवाने. त्या कॅलेंडरावर चित्र होते एका लहानशा गावाचे, धड उभ्या घरांचे. ढिगाऱ्यांतून शाळेला जाणाऱ्या पोरांना ते कसे वाटले असेल, विचार करा.

आज युरोप-अमेरिकेतल्या दुकानांत चॉकलेटची, खेळण्यांची, अत्तरांची, दारूच्या बाटल्यांचीसुद्धा कॅलेंडरे मिळतात. किमती ऐकल्या तर डोळे पांढरे होतील. आणि आपल्याला ठाऊक आहे ते तिथेही घडते : ज्याच्या घरी महागडे कॅलेंडर, त्याचे पोर शाळेत मिरवते आणि दुसऱ्याचे घरी येऊन रुसते. शिवाय एखादे आगाऊ पोर पहिल्याच दिवशी चोवीसही दारे फोडून मोकळे होते. मग उरलेले तेवीस दिवस भावंडाच्या दाराकडे बघत बसते!

म्हणून पुष्कळ घरे अजून हाताने कॅलेंडर करतात. चोवीस रिकाम्या काड्यापेट्या पुठ्ठ्यावर चिकटवायच्या, किंवा दोरीला चोवीस पिशव्या टांगायच्या. आत कधी गोळी, कधी अक्रोड, तर कधी नुसती चिठ्ठी : 'आज आजीला पत्र लिहू', 'आज सगळे मिळून बिस्किटे भाजू'. नॉर्वेकडे नाताळला पाखरांसाठी ओटची पेंढी बाहेर टांगतात. तिथल्या घरी 'आज पेंढी टांगू' अशीही चिठ्ठी निघू शकते. दोन भावंडे असली तर एकाने विषम तारखा घ्यायच्या, दुसऱ्याने सम. दोघांना बारा-बारा. थोरल्याला पहिले दार, धाकट्याला शेवटचे. भांडण नाही.

काही गावांत तर अख्खे गावच कॅलेंडर होते. घरे तारखा वाटून घेतात. ज्याची तारीख, त्याने त्या संध्याकाळी आपली खिडकी सजवून दिवा लावायचा. शेजारीपाजारी थंडीत तिथे जमतात, गाणी म्हणतात, काहीतरी गरम पितात. एरवी वर्षभर ज्याच्या दाराशी पाऊल पडत नाही, त्याच्याही दाराशी त्या निमित्ताने जाणे होते.

मंडळी, नाताळ आपल्या घरी असो वा नसो, पोराचा प्रश्न आपल्या घरी आहेच. सणाच्या आधी आपली धांदल असते. रंगरंगोटी, फराळ, बाजार, उधारी. पोर मध्ये आले की आपण म्हणतो, "सर बाजूला, येईल तेव्हा येईल!" त्या आश्रमातल्या विखर्न यांनाही कामे थोडी नव्हती. तरी त्यांनी चाक शोधले, मेणबत्त्या बसवल्या आणि रोज एक पेटवायला वेळ काढला.

यंदा दिवाळीला बारा दिवस उरले, की भिंतीवर खडूने बारा रेघा ओढून द्या आणि रोज एक पोराला पुसू द्या. खर्च खडूच्या तुकड्याचा. दोन असतील, तर सम-विषम आधी ठरवून घ्या, एवढेच!