स्फॅक्सची सकाळ आणि हरभऱ्याचा वाडगा



बँकेच्या परकीय चलन विभागात असताना काबुली हरभऱ्याच्या निर्यातीची कागदपत्रे माझ्या टेबलावरून पुष्कळ गेली. इंदूरच्या बाजारात ज्याला डॉलर चणा म्हणतात, तोच हा. बिलावर मालाच्या वर्णनात ‘काउंट’ लिहिलेला असे. 42-44 किंवा 58-60, म्हणजे एका औंसात, साधारण 28 ग्रॅमांत, किती दाणे बसतात तो आकडा. आकडा लहान तितका दाणा टपोरा आणि भाव चढा, हे आपल्या व्यापारी वाचकांना मी सांगायला नको. माल उतरविण्याच्या बंदराच्या रकान्यात कधी अल्जीअर्स असे, कधी मर्सिन, कधी राडेस. राडेस हे ट्युनिशियाची राजधानी असलेल्या ट्युनिस शहराचे बंदर, एवढे मला ठाऊक होते. त्या हरभऱ्याचे पुढे काय होते, तो कोण खातो, कसा खातो, हा प्रश्न त्या टेबलावर कधी उद्भवलाच नाही. पतपत्राच्या व्यवहारात बँक कागद पाहते, माल पाहत नाही, हा तर आमच्या धंद्याचा पहिला नियम.

त्या प्रश्नाचे उत्तर मला निवृत्तीनंतर, आणि तेही स्वयंपाकघरात मिळाले.

माझा पुतण्या खतांच्या व्यापारातील एका कंपनीत नोकरीस आहे. तीन वर्षांपूर्वी त्याची नेमणूक स्फॅक्स येथे झाली. ट्युनिसच्या दक्षिणेस सुमारे 270 किलोमीटरवर, समुद्रकाठी वसलेले हे गाव ऑलिव्हच्या बागांसाठी आणि गाफ्सा भागातून रेल्वेने येणाऱ्या फॉस्फेटसाठी प्रसिद्ध आहे. आपल्याकडील खत कारखान्यांना लागणारे फॉस्फोरिक आम्ल त्या देशातून येते, म्हणून तिथे आपली माणसे जातात. निघताना वहिनींनी दोन मोठे डबे खाकरा, मुगाचे पापड, हिंग आणि डाळींची पाकिटे बांधून दिली. रोज फोनवर त्यांचा एकच प्रश्न असे, “काय जेवलास?” आणि त्याचे एकच उत्तर असे, “खिचडी.”

ते उत्तर अर्धे खरे होते.

डिसेंबर-जानेवारीत स्फॅक्सची सकाळ बोचऱ्या गारठ्याची असते. कामावर जाणारी माणसे अशा वेळी एका छोट्या दुकानासमोर थांबतात. आत एक मोठे पातेले मंद आचेवर खदखदत असते. त्यात काबुली हरभरा, पाणी, मीठ. गिऱ्हाइकाच्या हाती एक मातीचा किंवा चिनी मातीचा खोल वाडगा आणि शिळ्या पावाचा तुकडा दिला जातो. पाव गिऱ्हाइकाने स्वतः कुस्करायचा. घाई करून मोठे तुकडे टाकले तर आत कोरडे राहतात, म्हणून जुनी माणसे गप्पा मारीत बारीक बारीक तुकडे करतात. मग वाडगा परत दुकानदाराकडे. तो त्यावर हरभरा आणि गरम पाणी ओततो, वर भरड जिरेपूड, हरिसा नावाची लाल मिरचीची चटणी, लिंबू आणि ऑलिव्ह तेलाची धार सोडतो. याचे नाव लाब्लाबी. तुर्की भाषेत भाजलेल्या हरभऱ्याला लेब्लेबी म्हणतात, त्यावरून हे नाव आले असे मानतात. 1574 पासून तो प्रदेश उस्मानी तुर्कांच्या अमलाखाली होता, तेव्हा शब्द कुठून आला हे उघड आहे. पाव मात्र फ्रेंच वळणाचा लांबोडका. 1881 ते 1956 या फ्रेंच अमलाची ती खूण.

हे श्रीमंतांचे अन्न नव्हे. हमाल, विद्यार्थी, कोळी, कारकून यांची ही न्याहारी. आणि इथे मला अर्थशास्त्राचा विद्यार्थी या नात्याने थोडे थांबावेसे वाटते. त्या देशात पावाचा भाव सरकार ठरवते, आणि त्यामागे 1970 पासून चालत आलेला अनुदानाचा निधी आहे. 1983 च्या अखेरीस आंतरराष्ट्रीय नाणेनिधीच्या दबावाखाली सरकारने हे अनुदान काढले आणि पावाचा भाव एकदम दुपटीहून अधिक झाला. दक्षिणेतील वाळवंटी गावांत सुरू झालेला उद्रेक काही दिवसांत राजधानीपर्यंत पोहोचला, आणीबाणी जाहीर झाली, माणसे मेली. 6 जानेवारी 1984 रोजी राष्ट्राध्यक्ष हबीब बुर्गिबा यांनी दूरचित्रवाणीवरून ती दरवाढ मागे घेतली. ताळेबंदात ‘अनुदान’ ही एक ओळ असते. ती खोडताना आपण नेमके कोणाच्या वाडग्यातून काय काढतो आहोत, हे ताळेबंद लिहिणाऱ्याला क्वचितच दिसते. मी स्वतः ताळेबंद लिहिणाऱ्यांच्या बाजूचा, म्हणून हे लिहिण्याचा अधिकार घेतो.

आता मूळ गोष्टीकडे. लाब्लाबीत अर्धवट उकडलेले अंडे फोडून घालण्याची आणि वर मासळीचे तुकडे टाकण्याची तिथे सर्रास पद्धत आहे. पुतण्याने पहिल्याच दिवशी खुणांनी आणि मोडक्या फ्रेंचमधून दोन्ही नको म्हणून सांगितले. दुकानदाराने मान डोलावली. लसणाचे मात्र याला सुचले नाही. अकराव्या दिवशी त्याने दुकानात थोडे आत डोकावून पाहिले, तेव्हा मागच्या चुलीवर दुसरे पातेले दिसले. काही दुकानांत जनावरांच्या पायांच्या रश्शासह लाब्लाबी देतात, आणि दोन्ही पातेल्यांत पळी एकच फिरत होती. दुकानदाराचा यात काहीही दोष नाही. त्याने काही लपविले नव्हते, याने विचारले नव्हते. पुतण्या तो वाडगा तसाच ठेवून बाहेर पडला. त्यानंतर त्याने असे दुकान शोधले जिथे एकच पातेले होते, मालकाला सर्व समजावून सांगितले, आणि त्या वृद्ध गृहस्थाने याच्यासाठी वेगळी पळी भिंतीवर टांगून ठेवली. हरिसा तर याने घेणेच बंद केले, कारण लसणाशिवाय ती तिथे होतच नाही. त्या अकरा दिवसांविषयी मात्र दीड वर्ष तो घरी बोलला नाही.

सुटीवर आला तेव्हा जेवणाच्या पाटावर त्याने आईला हे सर्व सांगितले. मी समोर होतो. वहिनींनी हातातला तवा खाली ठेवला आणि त्या उठून आत गेल्या. दोन दिवस त्या त्याच्याशी मोजकेच बोलल्या. त्यांना खाण्यापेक्षा ‘खिचडी’ या उत्तराचे दुःख अधिक झाले असावे, असा माझा तर्क आहे. त्यांनी तसे सांगितले नाही. तिसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी आमच्या घरी फोन केला आणि सौ.ला विचारले, “तुमच्याकडे काबुली चणे आहेत का? तो म्हणतो तसे करून तरी बघू.”

सौ. आणि वहिनी यांच्या त्या खटपटीतून जे सिद्ध झाले, ते येथे देतो. मी स्वतः लिंबू पिळण्यापलीकडे काही केले नाही, हे प्रामाणिकपणे नमूद करतो.

पहिली अडचण भिजविण्याची. काही घरांत कडधान्य रात्रभर भिजत ठेवीत नाहीत. त्यांच्यासाठी सोय अशी की, सकाळी पाव किलो हरभरा धुऊन भरपूर पाण्यात दोन-तीन मिनिटे खळखळ उकळावा आणि झाकून एक तास तसाच ठेवावा. ते पाणी टाकून सव्वा लिटर नवे पाणी घालून कुकरमध्ये शिजवावा. पहिली शिटी झाल्यावर आच मंद करून पंचवीस मिनिटे. दाणा बोटांनी दाबताच लोण्यासारखा दबला पाहिजे, पण फुटता कामा नये. लिंबू किंवा टोमॅटो आधी मुळीच घालू नये. आंबटपणाने दाणा ताठर राहतो. पहिल्या दिवशी आमच्याकडे हीच चूक झाली आणि आम्ही चाळीस मिनिटे हरभरा चघळीत बसलो. जुना माल असला तरी तेच होते, तेव्हा दुकानातून घेताना कोणत्या हंगामाचा आहे हे विचारावे. विचारायला आपल्याला कोण लाजवणार?

दुसरी अडचण हरिसाची. 2022 मध्ये युनेस्कोने ट्युनिशियाच्या हरिसाला मानवजातीच्या सांस्कृतिक वारशाच्या यादीत स्थान दिले, इतका तिचा मान. वाळलेल्या मिरच्या, लसूण, धने, शहाजिऱ्याच्या जवळचे कॅरवे, मीठ आणि ऑलिव्ह तेल, एवढाच तिचा संसार. वहिनींनी आठ ब्याडगी आणि दोन संकेश्वरी मिरच्या बिया काढून कोमट पाण्यात अर्धा तास भिजविल्या, धने व शहाजिरे कोरडे भाजून घेतले, चमचाभर तेलात हिंग फुलवून त्यात टाकला आणि सर्व पाट्यावर वाटले. ही हरिसा नव्हे, असे पुतण्या म्हणाला. लसणाचा उग्रपणा नाही, हे खरे. पण बोट दुसऱ्यांदा वाटीत गेले ते त्याचेच. रोजच्या रोज लागेल तेवढीच वाटावी.

तिसरी आणि खरी अडचण शिळ्या पावाची. आदल्या दिवसाचा पाव हा या पदार्थाचा पाया, आणि आपल्याकडे वासी अन्न वर्ज्य. इथे वहिनींनी जे केले ते पाहून मला त्या अकरा दिवसांचा विसर पडला. त्यांनी साधा, जाडसर खाकरा वाडग्यात मोडला. खाकरा पावापेक्षा लवकर मऊ पडतो, म्हणून हरभरा ओतल्याबरोबर खावा लागतो. पाच मिनिटे थांबलात तर लापशी होईल. सोलापूरकडील मंडळींनी ज्वारीची कडक भाकरी घ्यावी, ती अधिक तग धरते. कालमर्यादा ज्याने त्याने आपल्या घरच्या रीतीप्रमाणे पाळावी.

तिथे वर केपर नावाच्या आंबट-खारट कळ्या घालतात. त्या बाटलीत महाग मिळतात, आणि घेण्याचे कारणही नाही. आपल्या मारवाडी घरांत केर-सांगरीचे केर असतात ना, ते याच कुळातील झाड. केपर ही कळी, केर हे फळ, एवढाच फरक. वाळलेले केर भिजवून, उकळून, दोन पाणी टाकून वर घातले आणि वाडग्याला एकदम धार आली. माझ्या मते या साऱ्या प्रयोगातील सर्वांत उत्तम भाग हाच.

वाढताना प्रत्येक वाडग्यात अर्धा चमचा ताजी भरड जिरेपूड, चमचाभर चटणी, अर्धे लिंबू आणि एक मोठा चमचा ऑलिव्ह तेल. तेल महाग आहे, मान्य. पण शेंगदाण्याचे घातले तर त्याची आमटी होते. एकदा करून पाहिले आहे. एका तरुण सुनेने वरून दही घालण्याची कल्पना मांडली. कडधान्यावर कच्चे दही म्हणजे द्विदल, असे वहिनींनी तिला सांगितले. मूळ पदार्थातही दही नसतेच, त्यामुळे वाद वाढला नाही.

मसुरीचे सूप तिथे घरोघर होते, त्याची कृती आपल्या आमटीहून फार निराळी नाही, जिरे सढळ आणि सेलरीची पाने, इतकेच. हलालेम मात्र सांगण्यासारखे आहे. हरभरा, मसूर आणि सुका पावटा यांसारखी कडधान्ये एकत्र शिजवून त्यात पालेभाजी आणि हाताने वळलेल्या कणकेच्या बारीक काड्या सोडतात. पुतण्याने फोटो दाखविला तेव्हा सौ. उद्गारली, “अहो, ह्या तर बोटव्या!” उन्हाळ्यात तिथल्या बायका एकत्र बसून वर्षाचे असे पदार्थ वळतात, वाळवितात, त्या बेगमीला ऊला म्हणतात. आपल्या वाळवणाचे हे सख्खे भावंड. तिथे त्यात बहुधा मांस असते, ते आपण सोडून द्यायचे. आपल्याकडे तीन कडधान्ये, टोमॅटो, पालक आणि मूठभर गव्हले घालून हे छान होते. सूर्यास्तापूर्वीच्या जेवणात तेवढे एकच पुरते.

पुतण्या गेल्या महिन्यात परत स्फॅक्सला गेला. या खेपेस डब्यांत खाकऱ्याबरोबर केरही आहेत, आणि त्या वृद्ध दुकानदारासाठी वहिनींनी हिंगाची एक डबी वेगळी दिली आहे. परवा फोन आला तेव्हा त्यांनी नेहमीचाच प्रश्न विचारला. तो म्हणाला, “लाब्लाबी. वेगळ्या पळीची.” मग बराच वेळ त्या दुकानदाराने हिंगाचा वास घेऊन काय तोंड केले, त्याचे वर्णन चालले होते.