घंटागाडी रिकामी कुठे होते?

20 डिसेंबरला गाडगेबाबांची पुण्यतिथी. गावोगावी चौक झाडले जातील, प्रतिमेला हार पडतील. पूर्णेकाठच्या ऋणमोचनला घाट बांधणाऱ्या बाबांचा हा दिवस. नदीकाठच्या गावांनी तरी या दिवशी झाडलेला केर पुढे कुठे जातो ते बघावे. कृष्णा-पंचगंगेच्या काठी तो बऱ्याचदा ओढ्याच्या उतारावर पडतो आणि पहिल्या मोठ्या पावसात नदीत उतरतो.

माणसे बेफिकीर आहेत म्हणून हे घडते, असे आम्ही मानत नाही. पूर्वी प्रत्येक घराचा उकिरडा होता. शेण, राख, भाजीची देठे, वैरणीची चिपाडे त्यात कुजायची आणि मिरगाआधी शेतात जायची. टाकलेले मातीला मिळते, हा पिढ्यांचा अनुभव होता. आता त्याच उकिरड्यात शाम्पूच्या पुड्या, दुधाच्या पिशव्या आणि डायपर पडतात. ते कुजत नाही. शेणखताबरोबर उसाच्या सरीत जाते आणि नांगराच्या फाळाला गुंडाळून वर येते. पुलावरून निर्माल्य सोडणारा भक्तिभावाने हात जोडतो, पण पिशवीची गाठ सोडत नाही. घरातले माणूस गेले की त्याची गादीही पाण्यातच जाते. 2005, 2019 आणि 2021 च्या महापुरांनी यातले बरेचसे काठच्या शिवारात परत आणून टाकले.

वित्त आयोगाच्या निधीतून पुष्कळ ग्रामपंचायतींनी घंटागाडी घेतली, हे चांगलेच झाले. पण सकाळी ओला-सुका वेगळा करून दारात उभी राहिलेली बाई दोन्ही बादल्या एकाच ट्रॉलीत उलटताना पाहते. दुसऱ्या दिवशी तिने तरी का निवडत बसावे? सॅनिटरी पॅडचे तर कुणी नावच काढत नाही. ते कागदात गुंडाळून, अंधार पडल्यावर काठाला टाकले जातात. या लाजेवर उपाय काढणे ग्रामपंचायतीचे काम आहे. ते त्या बाईवर ढकलू नये.

ओल्या कचऱ्यासाठी पुसदच्या नारायण देवताव पांढरीपांडे यांची नाडेप पद्धत आपल्या घरचीच आहे. विटांचे जाळीदार टाके, पालापाचोळा, शेणकाला आणि माती एवढेच त्याला लागते. सुक्यासाठी पूररेषेबाहेर एक शेड आणि गाडीत मधोमध एक पत्रा हवा. 26 जानेवारीच्या ग्रामसभेत हे तीन खर्च मांडायला लावा, आणि गाडी रोज रिकामी होते ती जागा सरपंचांसह सगळ्यांनी त्याच दिवशी चालत जाऊन पाहा.