विश्लेषण : रुग्णालयातील मृत्यूचे शवविच्छेदन पुढच्या रुग्णाला वाचवू शकेल?

शस्त्रक्रिया किरकोळ होती, रुग्ण स्वतःच्या पायाने चालत आला होता आणि रात्री मृत्यूची बातमी आली, की पुढचा घटनाक्रम आपल्याकडे जवळपास ठरलेला असतो. नातेवाईकांचा संताप, कधी तोडफोड, पोलीस ठाण्यात तक्रार, शवविच्छेदन आणि मग चौकशी समिती. मृत्यूचे कारण शोधण्याची जबाबदारी न्यायवैद्यक तज्ज्ञावर येते. त्याने शोधलेले कारण पोलिसांच्या फायलीत जाते, पण ज्या वॉर्डात मृत्यू झाला तिथे ते क्वचितच परत येते. रुग्णसुरक्षेच्या दृष्टीने ही उणीव का महत्त्वाची आहे?

प्रश्न किती मोठा?

जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार, उपचार घेताना दर दहा रुग्णांपैकी सुमारे एकाला उपचारांमुळेच काही ना काही इजा होते. असुरक्षित उपचारांमुळे जगात दरवर्षी ३० लाखांहून अधिक मृत्यू होतात. यातील निम्म्याहून अधिक इजा टाळता येण्याजोग्या असतात. चुकीचे औषध किंवा मात्रा, शस्त्रक्रियेनंतर वेळेत लक्षात न आलेला रक्तस्राव, जंतुसंसर्ग, रुग्णाची ओळख पटवण्यात झालेली गफलत ही त्यामागची नेहमीची कारणे आहेत. १७ सप्टेंबर हा रुग्णसुरक्षा दिन म्हणून पाळला जातो तो याचसाठी.

न्यायवैद्यकाचा येथे काय संबंध?

न्यायवैद्यक म्हणजे खून, विषप्रयोग आणि अपघात एवढीच अनेकांची समजूत असते. प्रत्यक्षात रुग्णाची संमती, उपचारांच्या नोंदी, हलगर्जीपणाची व्याख्या हेही याच शास्त्राचे विषय आहेत. रुग्णालयातील अनपेक्षित मृत्यूत शवविच्छेदनाचे महत्त्व विशेष असते. फुप्फुसाच्या रक्तवाहिनीत अडकलेली गुठळी, पोटात साचलेले रक्त, चुकीच्या जागी गेलेली नळी या गोष्टी अनेकदा तिथेच प्रथम दिसतात. उपचार करणाऱ्या डॉक्टरचा अंदाज आणि प्रत्यक्ष कारण यांतील फरकही तिथेच कळतो. हा फरक कळला नाही, तर तीच चूक पुढच्या रुग्णाच्या बाबतीत पुन्हा होऊ शकते.

आपल्याकडे चौकशी कशी होते?

संशयास्पद किंवा अनैसर्गिक मृत्यूची नोंद झाली, की भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १९४ नुसार पोलीस पंचनामा करून मृतदेह शवविच्छेदनासाठी पाठवतात. डॉक्टरवर फौजदारी कारवाईचा प्रश्न आला, तर सर्वोच्च न्यायालयाचा २००५ मधील जेकब मॅथ्यू प्रकरणाचा निकाल लागू होतो. साधी चूक गुन्हा ठरत नाही, त्यासाठी घोर निष्काळजीपणा दिसावा लागतो. तपास अधिकाऱ्याने आधी स्वतंत्र, शक्यतो सरकारी सेवेतील डॉक्टरचे मत घ्यावे, असे हा निकाल सांगतो. भारतीय न्याय संहितेच्या कलम १०६ मध्ये निष्काळजीपणामुळे झालेल्या मृत्यूसाठी पाच वर्षांपर्यंत कैदेची तरतूद आहे. उपचारादरम्यान नोंदणीकृत डॉक्टरकडून तसे घडल्यास ही मर्यादा दोन वर्षे आहे. भरपाईसाठी १९९५ च्या निकालानंतर ग्राहक न्यायालयाचा मार्गही खुला आहे.

मग उणीव कुठे आहे?

हे सारे मार्ग ‘दोषी कोण’ या प्रश्नाकडे जातात. ‘हे का घडले आणि पुन्हा घडू नये म्हणून काय बदलायचे’ हा प्रश्न विचारण्याची सक्ती त्यांत नाही. शवविच्छेदनानंतर अनेकदा ‘व्हिसेरा राखून ठेवला, मत राखीव’ असा शेरा पडतो. अंतिम मत येईपर्यंत महिने जातात. तोवर संबंधित निवासी डॉक्टर आणि परिचारिका दुसरीकडे गेलेले असतात. शिवाय शवविच्छेदनातून एका देहातील कारण कळते, व्यवस्थेतील कारण कळतेच असे नाही. भंडारा जिल्हा रुग्णालयात ९ जानेवारी २०२१ रोजी लागलेल्या आगीत दहा नवजात बालके दगावली. आग आणि धूर हे वैद्यकीय कारण झाले. ती आग का लागली आणि बालकांना वेळेत बाहेर का काढता आले नाही, यासाठी वेगळा तपास लागतो. दोन्ही तपासांची उत्तरे एकत्र वाचली गेली तरच रुग्णालय काही शिकते.

जपानने काय केले?

टोकियोतील एका सरकारी रुग्णालयात १९९९ मध्ये सलाइनमधून द्यायच्या औषधाऐवजी जंतुनाशक टोचले गेले आणि रुग्ण दगावली. पुढे फुकुशिमातील एका रुग्णालयात सिझेरियनदरम्यान झालेल्या मातेच्या मृत्यूप्रकरणी २००६ मध्ये प्रसूतितज्ज्ञाला अटक झाली. २००८ मध्ये तो निर्दोष सुटला, पण या अटकेने देशभरातील डॉक्टर हादरले. गुन्हेगारी तपास ही उपचारांतील चुकांवरची एकमेव यंत्रणा असावी का, यावर तिथे दीर्घ चर्चा झाली. त्यातून ऑक्टोबर २०१५ पासून नवी व्यवस्था लागू झाली. उपचारांमुळे झालेला किंवा तसा संशय असलेला अनपेक्षित मृत्यू रुग्णालयाने एका स्वतंत्र केंद्राला कळवायचा, स्वतः चौकशी करायची आणि निष्कर्ष नातेवाईकांना समजावून सांगायचे. शवविच्छेदन किंवा मृतदेहाचे सीटी स्कॅन या चौकशीला आधार देते. अशा अनेक प्रकरणांचा एकत्रित अभ्यास करून केंद्र सर्व रुग्णालयांसाठी शिफारशी काढते. मानेतील मोठ्या शिरेत नळी घालताना होणारी गुंतागुंत, फुप्फुसातील गुठळी आणि इंजेक्शननंतरची तीव्र अ‍ॅलर्जी हे त्यातील पहिले विषय होते. ही व्यवस्था निर्दोष नाही. मृत्यू कळवायचा की नाही हे रुग्णालयाचा प्रमुखच ठरवतो, त्यामुळे नोंदी अपेक्षेपेक्षा कमी होतात.

इंग्लंडमध्ये काय व्यवस्था आहे?

तिथे मृत्यूची चौकशी करणाऱ्या कॉरोनरला पुढील मृत्यू टाळण्यासाठी काही करणे आवश्यक वाटले, तर तो संबंधित संस्थेला लेखी अहवाल पाठवतो. त्यावर ५६ दिवसांत उत्तर देणे बंधनकारक आहे. हॅरॉल्ड शिपमन या डॉक्टरने अनेक रुग्णांना मारूनही मृत्यूचे दाखले बिनबोभाट दिले गेले होते. त्या धक्क्यानंतर सुरू झालेल्या सुधारणांचा एक भाग म्हणून सप्टेंबर २०२४ पासून, कॉरोनरकडे न जाणारा प्रत्येक मृत्यूही उपचारांशी संबंध नसलेला स्वतंत्र डॉक्टर तपासतो.

महाराष्ट्रात काय शक्य आहे?

बहुतेक गोष्टींसाठी नवा कायदा लागत नाही. वैद्यकीय महाविद्यालयांत न्यायवैद्यक विभाग आहेत. रुग्णालयाच्या मृत्यू आढावा बैठकीत या विभागाला कायमचे स्थान देता येईल. अनपेक्षित मृत्यूनंतर मृतदेहातील नळ्या आणि सुया न काढणे, वापरलेल्या औषधांच्या बाटल्या व सलाइन जपून ठेवणे, नोंदींची प्रत त्याच वेळी बंद करणे हे लेखी नियम करता येतील. २००२ च्या नियमावलीनुसार मागणी केल्यापासून ७२ तासांत उपचारांच्या नोंदी देणे बंधनकारक आहेच. त्याची अंमलबजावणी झाली तर संशयाची निम्मी जागा उरत नाही. नावे वगळून शवविच्छेदनातील निष्कर्ष वर्षातून एकदा राज्यभरातील रुग्णालयांना कळवता येतील.

आक्षेप कोणते?

ज्या रुग्णालयात मृत्यू झाला तेथील तज्ज्ञच चौकशी करणार असेल, तर नातेवाईकांचा विश्वास बसणार नाही. म्हणून असे शवविच्छेदन दुसऱ्या संस्थेत व्हायला हवे. डॉक्टरांची भीतीही खोटी नाही. मोकळेपणाने सांगितलेली चूक उद्या खटल्यात पुरावा होणार असेल, तर कोणी बोलणार नाही. मात्र घोर निष्काळजीपणाला पाठीशी घालण्यासाठी हे कारण पुढे करता येणार नाही. शिक्षेचा मार्ग आणि शिकण्याचा मार्ग हे दोन्ही स्वतंत्रपणे चालले पाहिजेत. आज आपल्याकडे त्यांतला पहिला आहे आणि तोही संथ आहे. नातेवाईकांना न्याय हवा असतोच, पण ‘आमच्या माणसाबाबत घडले ते दुसऱ्या कुणाबाबत घडू नये’ ही त्यांची मागणीही असते. तिचे उत्तर देण्याची क्षमता असलेला विभाग आपल्या रुग्णालयांत आहे, त्याचे म्हणणे वॉर्डापर्यंत पोहोचण्याची सोय करायची आहे.