नव्या स्विफ्टचे गुणदोष

नवी मोटार दारात आली, की चाकाखाली लिंबू ठेवून नारळ वाढविला जातो आणि शेजाऱ्यांचा पहिला प्रश्न येतो, ‘लिटरला किती धावते?’ मे २०२४ मध्ये बाजारात आलेल्या नव्या स्विफ्टचे मालक याचे उत्तर अभिमानाने देतात. हाताने गिअर बदलण्याच्या पेट्रोल गाडीचा अधिकृत आकडा २४.८० किलोमीटरचा आहे. प्रत्यक्षात तो उतरतो; तरी गाडी हलकी, गावातल्या अरुंद वळणांवर सोयीची, म्हणून मालक खूश आहेत.

नावडीही आहेतच. चार सिलिंडरांच्या जागी तीन आल्याने संथ गतीत थरथर जाणवते. जमिनीपासूनची १६३ मिलिमीटर उंची पावसाळी खड्ड्यांत अपुरी वाटते. २६५ लिटरची डिकी चतुर्थीला गावी निघालेल्या कुटुंबास पुरत नाही.

या तक्रारी रास्त आहेत. परंतु सर्व प्रतींत सहा एअरबॅगा आहेत, मागील आसनांनाही पट्टे आहेत, याची वाखाणणी क्वचितच ऐकू येते. उलट, पट्टा न बांधल्यास वाजणारी सूचना अनेकांना कटकट वाटते! सप्टेंबर २०२२ मध्ये पालघर जिल्ह्यातील अपघातात सायरस मिस्त्री मृत्यू पावले. त्यांची मोटार स्विफ्टहून कितीतरी महाग होती; मागे बसलेल्या मिस्त्रींनी पट्टा बांधला नव्हता.

मोटारीचे गुणदोष मालकांनी अवश्य मोजावेत. मात्र गाडी सुरू करण्यापूर्वी मागे बसलेल्या आजीचा पट्टा बांधला आहे का, एवढे आधी पाहावे, असे आम्हास आग्रहाने सांगावेसे वाटते.